परावर्तित लहरींची साक्ष

मुंबई हाय येथील खनिज तेल भूकंपलहरींच्या पाहणीने सापडले, असे सर्रास लिहिले जाते. हे विधान अर्धसत्य होय. १९६४ ते १९६७ या काळात ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत नौकेवरून झालेल्या पाहणीत सागरतळाखालील विस्तीर्ण उंचवटा लक्षात आला; तेल मात्र फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने केलेल्या विंधनानंतरच हाती आले.

या पद्धतीची मर्यादा तिच्या स्वरूपातच आहे. तीत मोजला जातो तो लहरीच्या जाण्यायेण्याचा काळ. खोली अनुमानाने काढावी लागते. लहर २ सेकंदांनी परतली आणि तिचा सरासरी वेग सेकंदाला २,५०० मीटर धरला, तर थर २,५०० मीटर खोलीवर ठरतो. वेग ३,००० मीटर धरल्यास तोच थर आणखी ५०० मीटर खाली जातो. शिवाय सापळ्याचा आकार दिसला म्हणून त्यात तेल असेलच असे नाही. त्यासाठी तेल निर्माण करणारा खडक, ते साठविणारा सच्छिद्र खडक (येथे चुनखडक) आणि वरचे अभेद्य आच्छादन यांचा योग जुळावा लागतो.

यावरून पाहणीचे महत्त्व उणावत नाही. अफाट समुद्रात विंधन कोठे करावे, हे तिनेच दाखविले. परंतु विंधनापूर्वीच्या नकाशालाच शोध म्हणणे म्हणजे साक्षीला निर्णय समजणे होय.