मांजराची नमुना सही

आमच्या कॉलनीत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक चर्चामंडळ भरतं. त्या दिवशी बँकेला सुट्टी असते हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे 'वेळ नाही' ही सबब मला वापरता येत नाही. मागच्या खेपेला विषय होता 'माझा आवडता दिग्दर्शक'. एकाने सत्यजित राय सांगितले, दुसऱ्याने कुरोसावा, तिसऱ्याने गुरुदत्त. शेजारच्या वकिलांनी एका पोलिश दिग्दर्शकाचं नाव घेतलं, ते त्यांना दोनदा घ्यावं लागलं. मग माझी पाळी आली. मी म्हटलं, "हॅना-बार्बेरा."

"वा!" वकील म्हणाले. "बाईंचा कुठला चित्रपट?"

बाई नव्हेत, दोन बाप्ये आहेत, विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा, आणि त्यांनी 'टॉम अँड जेरी' काढलं, असं मी सांगताच खोलीत शांतता पसरली. आमच्या हिने चहाचे कप गोळा करायला सुरुवात केली. कपात अजून चहा होता.

आता पंचेचाळीस वर्षांच्या, बी.कॉम. झालेल्या, गृहकर्जाचे हप्ते फेडणाऱ्या माणसाने मांजर-उंदरावर बोलू नये अशी समाजाची अपेक्षा असते. ती मी एरवी पाळतोही. पण एक गोष्ट त्या सभेत सांगायची राहिली ती इथे सांगतो. हा जोसेफ बार्बेरा सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये चक्क बँकेत होता. इर्व्हिंग ट्रस्ट कंपनीत नोकरी करायची आणि घरी व्यंगचित्रं काढून मासिकांना पाठवायची, असा त्याचा क्रम होता. ही माहिती मला वेळेवर मिळाली असती तर वडिलांच्या तोंडावर मारता आली असती. १९९५ साली कार्टून नेटवर्क भारतात आलं. तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्षांत होतो आणि वडील रोज विचारायचे, "उंदीर बघून कुणाचं पोट भरलंय का?"

भरलंय, बाबा. पण आधी बँक सोडावी लागते.

त्या वाहिनीवर रात्री कार्टून संपून जुने इंग्रजी चित्रपट लागत आणि टीव्हीचा ताबा वडिलांकडे जाई. तोवरच्या वेळात मी एक वही भरली. चित्रफितीचं नाव, साल, दिग्दर्शक, शेरा. १९४० ते १९६७ या काळात चित्रपटगृहांसाठी 'टॉम अँड जेरी'च्या १६१ फिती निघाल्या. हॅना-बार्बेरांच्या ११४, जीन डाइचच्या १३, चक जोन्सच्या ३४. बेरीज करून पाहा, जुळते. माझ्या आयुष्यात पहिल्या फटक्यात जुळलेली ही एकमेव बेरीज.

पुढे बँकेत लागल्यावर माझ्या लक्षात आलं की मी नकळत धंद्याचंच शिक्षण घेत होतो. काउंटरवर स्लिप आली की सही नमुन्याशी ताडून पाहायची असते. पूर्वी कार्डाचा गठ्ठा असे, आता नमुना पडद्यावर येतो. पण मुरलेला कारकून अक्षरं वाचत नाही, हात ओळखतो. तसं मला मांजर पळताना दिसलं की कुणाच्या हातचं आहे ते कळतं. शीर्षक बघावं लागत नाही. ही विद्या जगात फक्त मला येते अशी माझी समजूत होती, ती एका नोव्हेंबरात संपली.

नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शनर मंडळी आपण जिवंत आहोत हे आम्हाला पटवून द्यायला येतात. परळच्या रेल्वे कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक आजोबा रांगेत होते. पुढच्या बाईंच्या कडेवर मुलगा, मुलाच्या पाठीवर दप्तर, दप्तरावर टॉम. आजोबा दप्तराकडे बराच वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, "हा पहिल्या मालकांचा नव्हे. भुवया बघा किती जाड. हा जोन्सचा."

मी हातातला शिक्का खाली ठेवला.

आजोबांनी लहानपणी धोबीतलावच्या 'मेट्रो'त मोठ्या चित्रपटाआधी टॉम आणि जेरी पाहिले होते. 'मेट्रो' ही मुळात एम.जी.एम. कंपनीनेच १९३८ साली उघडलेली, त्यामुळे मांजर घरच्याच पडद्यावर खेळत होतं. तेव्हापासून प्रत्येक नोव्हेंबरात, आणि पुढे पासबुक भरून घ्यायच्या निमित्ताने प्रत्येक महिन्यात, आमची काउंटरवर चर्चा सुरू झाली. रांग खोळंबायची. हेड कॅशियरना वाटायचं मी मुदतठेव मिळवतोय.

पहिल्या ११४ बद्दल आमच्यात वाद नव्हताच. त्यांत थोर काय आहे, ते एका फितीवरून सांगतो. 'माउस ट्रबल', १९४४. टॉमला टपालाने एक पुस्तक येतं, उंदीर कसे पकडावेत यावर. मग तो ते पान पान वाचून तसंच्या तसं करतो. ज्याने बँकेत परिपत्रकांवर नोकरी काढली आहे त्याला या फितीत हसावं की रडावं कळत नाही. प्रत्येक सूचना बरोबर, प्रत्येक वेळी अंमलबजावणी तंतोतंत आणि प्रत्येक वेळी मार टॉमला. तरी पठ्ठ्या पुस्तकावरचा विश्वास लवकर सोडत नाही.

त्यात एक प्रसंग आहे. टॉम भेटवस्तूच्या खोक्यात लपून बसतो. जेरी खोक्यावर टकटक करतो. उत्तर नाही. मग तो खोक्यात टाचण्या खुपसतो. उत्तर नाही. मग करवत आणून खोका मधोमध कापतो. आणि मग, इथे या लोकांची प्रतिभा आहे, तो आत डोकावतो. आत काय झालंय ते आपल्याला दाखवतच नाहीत. फक्त जेरीचा चेहरा दिसतो, एक आवंढा, आणि मग तो प्रेक्षकांना पाटी दाखवतो की इथे कुणी डॉक्टर आहे का. दुसऱ्या कुणीही कापलेलं मांजर दाखवलं असतं. यांनी आवंढा दाखवला. मी ही फीत किती वेळा पाहिली आहे ते आमच्या हिला माहीत आहे, मला नाही.

दुसरं म्हणजे संगीत. स्कॉट ब्रॅडली नावाच्या गृहस्थांनी ते दिलं. या फितींत संवाद जवळजवळ नाहीत. पाऊल पडलं की वाद्य, पापणी लवली की वाद्य. टॉमची ती प्रसिद्ध किंकाळी मात्र खुद्द हॅनासाहेबांची. बोलणंच नसल्यामुळे ना आजोबांना इंग्रजीची अडचण, ना दप्तरवाल्या पोराला. या जोडीला सात ऑस्कर मिळाले. म्हणजे फितींना मिळाले. बाहुल्या निर्माते फ्रेड क्विंबी यांच्या नावावर. बँकेतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ठेवींचं उद्दिष्ट कोण गाठतं आणि ढाल कोणाच्या केबिनमध्ये लागते, हे आम्ही दर मार्चअखेर बघतो.

त्या सातांतली एक 'द कॅट कॉन्सर्टो'. टॉम कोट घालून लिस्टची दुसरी हंगेरियन रॅप्सडी वाजवतोय आणि जेरी पियानोच्या आत झोपलाय. गंमत अशी की जवळपास त्याच सुमारास वॉर्नरकडे बग्ज बनी सशाने हीच रॅप्सडी वाजवली, तिथेही पियानोत उंदीरच. दोन्ही बाजूंनी एकमेकांवर चोरीचा आळ घेतला. एकच चेक दोन काउंटरवर हजर झाला तर काय करायचं याचा आमच्याकडे नियम आहे. आजोबांचा नियम सोपा होता: "ससा वाजवून दाखवतो. मांजर वाजवतं."

सगळंच गोड होतं असं नाही. त्या घरातल्या कृष्णवर्णीय बाईचे फक्त पाय दिसतात, आणि तिचं बोलणं काळ्या लोकांची टर उडवण्याच्या त्या काळातल्या ठराविक साच्यातलं आहे. लहानपणी मी हसलो. आता ते पाय आले की मी चहाचा घोट घेतो.

चक जोन्सबद्दल थोडक्यात. त्यांचा रोडरनरमागे धावणारा कोयोटी हा माझ्या मते विसाव्या शतकातला मोठा शोकनायक आहे. पण टॉम त्यांच्याकडे आला आणि विचार करायला लागला. चित्रं देखणी, रंग देखणे, भुवया दाट. फक्त मारामारीत राग नाही. लग्नात फोटोग्राफरने हार पुन्हा घालायला लावावा तसं ते सगळं वाटतं.

भांडण झालं ते मधल्या तेरांवरून. वहीत त्या तेरा फितींपुढे मी लाल शाईने एकच शेरा मारला होता: 'सही जुळत नाही.' चाल अडखळती, आवाज बोगद्यातून आल्यासारखे, घरं रिकामी रिकामी. आणि एक लठ्ठ, टकलू मालक, तो टॉमला मारतो. वही आजोबांना दाखवली तर त्यांनी चष्मा काढला.

"साहेब, ही तेरा कुठं झाली माहीत आहे?"

माहीत होतं. जीन डाइच हा अमेरिकन माणूस १९५९ साली प्रागला गेला आणि तिथलाच झाला. तिथेच २०२० साली वारला. १९६० च्या 'मन्रो'बद्दल ऑस्कर मिळालेला माणूस, तेव्हा बिनडोक नव्हे. पण एका फितीला दहा हजार डॉलर मिळणार, चमूने मूळच्या फिती पाहिलेल्या मोजक्याच, आणि देश कम्युनिस्ट राजवटीतला. इतका की फीत कुठे तयार झाली हेच शेवटी लिहिलेलं नाही. चेक मंडळींची नावंसुद्धा इंग्रजी वळणाची करून छापली. वाक्लाव लीडल या संगीतकाराचा 'व्हिक्टर लिटल' झाला.

आजोबा म्हणाले, "आमच्याकडं परदेशी यंत्रं यायची. ड्रॉइंग यायची नाहीत. बिघडलं की आम्ही आवाजावरून आत काय असेल ते ताडायचो आणि पार्ट घडवायचो. यंत्र चालायचं. जरा खडखडायचं. तुम्ही खडखड ऐकता, ते चाललं हे बघत नाही."

मला राग आला, कारण उत्तर सुचलं नाही. घरी येऊन मी तेराच्या तेरा फिती पुन्हा पाहिल्या. चिरंजीव शेजारी बसले होते, ते चौथीला उठून गेले. प्रामाणिकपणे सांगायचं तर मला हसू आलं नाही. परिस्थिती कळल्याने विनोद विनोदी होत नाही; नाहीतर आमच्या शाखेचं वार्षिक स्नेहसंमेलन गडगडाटी झालं असतं. पण हसू का येत नाही, ते या वेळी कळलं. अडखळत्या चालीमुळे नव्हे, त्या मालकामुळे. टॉमने जेरीला हाणावं, जेरीने टॉमला हाणावं, यात फिटंफाट आहे. सपाट झालेलं मांजर पुढच्या क्षणी गरगरीत होतं, कुणाच्या मनात काही राहत नाही. पण मालक लालबुंद होऊन मांजराला मारतो तेव्हा मांजराला उलट हाणायची सोय नसते. ते घर राहत नाही, ऑफिस होतं. आणि ऑफिस बघायला मी रिमोट का दाबू?

मात्र एक चूक कबूल. ते बोगद्यातले आवाज मी दोष म्हणून लिहिले होते. ते टॉड डॉकस्टॅडर या माणसाचे, जो इलेक्ट्रॉनिक संगीतातला नावाजलेला कलावंत. 'डिकी मो'मध्ये पांढऱ्या देवमाशामागे वेडा झालेला कप्तान टॉमला जहाजावर पकडून नेतो. ती फीत डोळे मिटून नुसती ऐकली. अंगावर काटा आला. मांजर-उंदराच्या फितीत काटा यावा का, हा प्रश्न वेगळा. पण लाल शाईवर निळ्या शाईने तेवढी दुरुस्ती केली आणि खाली सही करून तारीख घातली. आमच्यात खाडाखोड अशीच करतात.

हे सगळं आजोबांना सांगायचं होतं. ते आले ते चार महिन्यांनी, मुलाचा हात धरून. पैसे काढायची स्लिप दिली. मी खाते क्रमांक घातला, पडद्यावर नमुना आला. ठसठशीत, वळणदार, खाली रेघ. स्लिपवर मात्र रेघोट्या. हात थरथरत होता. मी स्लिपकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं.

"टाका शेरा," ते म्हणाले. "लाल शाईत."

नियमाप्रमाणे अशा वेळी नवीन नमुना घेता येतो. मी अर्ज काढला, अधिकाऱ्यांकडून मंजुरी आणली आणि तीन चौकोनांचं कार्ड पुढे केलं. मुलगा म्हणाला, "अंगठाच घ्या ना." आजोबांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. पाच मिनिटं लागली. तीन सह्या झाल्या, तिन्ही एकमेकींसारख्या नाहीत.

कार्ड माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "पहिली हॅना-बार्बेरा, मधली प्राग, शेवटची जोन्स. कुठली पास करता?"

मी मधलीवर बोट ठेवून 'डिकी मो'च्या आवाजाबद्दल सांगायला सुरुवात केली. आजोबा काउंटरवर कोपर टेकून ऐकायला लागले. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, सतरा नंबर कधीचा झालाय!"