समर्थकथा : दोष आणि ममत्व

लहानपणी ज्या पुस्तकाने झोप उडविली, तेच पन्नाशी उलटल्यावर पुन्हा हाती घेणे, हे मोठ्या धाडसाचे काम आहे. भय आता भुताचे नसते; आपल्याच जुन्या आवडीची लाज वाटेल की काय, याचे असते. गेल्या दिवाळीच्या सुटीत हे धाडस आम्ही केले. निमित्त आमच्या कन्येचे. स्टीफन किंग यांची 'सेलम्स लॉट' ही १९७५ सालची इंग्रजी कादंबरी वाचून झाल्यावर, तिच्यावरच बेतलेली 'लुचाई' तिने आमच्या कपाटातून काढली. पाठोपाठ दोन-तीन समर्थकथाही वाचल्या आणि विचारले, "बाबा, तुम्ही ज्यांचे एवढे कौतुक करता, ते नारायण धारप हेच का?" प्रश्नात उपहास नव्हता; म्हणूनच तो अधिक झोंबला.

धारप (१९२५–२००८) हे विज्ञानाचे पदवीधर. विज्ञानकथाही त्यांनी लिहिल्या. परंतु घरोघरी ते पोचले भयकथांमुळे, आणि त्यांतही 'समर्थ' या नायकामुळे. आमच्या धामणगावी १९८० नंतरच्या दशकात ही पुस्तके भाड्याच्या वाचनालयात मिळत. मुखपृष्ठ गेलेले, जाड पुठ्ठ्याची बांधणी, आणि मधलेच एखादे पान नेमके ऐन प्रसंगी गहाळ! रात्री वीज गेली म्हणजे कंदिलाच्या उजेडात वाचन चाले. मध्यरात्री मालगाडी धडधडत गेली, की खिडकीची तावदाने थरथरत आणि आम्ही पांघरूण डोक्यावरून ओढून घेत असू.

आता त्याच कथा चष्मा लावून वाचताना दोष लपत नाहीत. साचा बहुधा एकच : सुखवस्तू कुटुंब, जुने घर, कोणाच्या तरी अजाणतेपणामुळे मोकळी झालेली अनिष्ट शक्ती, घरच्यांची हतबलता, आणि अखेरीस समर्थांचे आगमन. समर्थ एकदा दारात उभे राहिले, की पुढे काय होणार हे वाचकास ठाऊकच असते. मग लांबलचक खुलासे येतात. आणि भय, जे अर्धवट सांगण्यावरच जगते, ते खुलाशाने मरते. पात्रे पुसट आहेत; विशेषतः स्त्रियांच्या वाट्याला भिणे आणि सोसणे यांपलीकडे फारसे काही येत नाही.

उसनवारीचा आक्षेप मात्र आम्हांस तितकासा जड वाटत नाही. आगरकरांचे 'विकारविलसित' (१८८३) आणि देवलांचे 'झुंझारराव' (१८९०) ही शेक्सपिअरवरूनच घेतलेली आहेत. उसन्या बीजाला येथली माती मानवली की नाही, एवढीच कसोटी खरी. 'लुचाई'ला ती मानवली आहे. शिवाय धारपांनी घेतले तसे दिलेही : २०१८ सालच्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटामागे त्यांच्याच एका कथेची प्रेरणा आहे.

मग गुण कोणता? आमच्या मते, धारपांनी भयाला मध्यमवर्गीय घराचा पत्ता दिला. त्यांचे भय दूरच्या स्मशानात बसून राहत नाही. ते जिन्याखालच्या अंधारात, बंद खोलीच्या कडीशी, जेवणाच्या पानांपासून चार हातांवर येऊन उभे राहते. भाषा साधी, जवळजवळ हिशेबी. त्यामुळे अघटितही खरे वाटू लागते. आणि उपायही घरचाच. 'समर्थाचिया सेवका' हे त्यांच्या पुस्तकाचे नाव मनाच्या श्लोकांतून आलेले आहे. दिवेलागणीला आम्ही म्हणत होतो, तेच हे शब्द. इंग्रज लेखक एम. आर. जेम्स यांच्या भूतकथांतील पंडिताला असा कोणी पाठीराखा नसतो. कलादृष्ट्या त्या कथा श्रेष्ठ आहेत, यात शंका नाही. पण दहा वर्षांच्या मुलाने अंधारात एकट्याने वाचावे, अशा त्या नव्हेत.

येथेच आमच्या ममतेचे मूळ सापडते, आणि थोडा संकोचही वाटतो. समर्थ हमखास येतात, हा या कथांचा सर्वांत मोठा दोष. आणि आम्ही प्रेम केले ते नेमके त्या दोषावरच! कोणीतरी येईल, या भरवशावर आम्ही भीत होतो. पुढे कापसाच्या या मुलखात संकटांनी मोडलेली घरे आम्ही पाहिली. तेथे दारात कोणी समर्थ उभे राहिले नाहीत. मोठेपणी पुन्हा वाचताना त्या ओळखीच्या पावलांची आम्ही वाट पाहतो, ती कलेच्या अपेक्षेने नव्हे; हरवलेल्या भरवशाच्या ओढीने.

ही ओढ खोटी नाही. परंतु तिला टीकेचे नाव देणे मात्र खोटेपणाचे होईल. आवडले म्हणून थोर ठरविणे, किंवा थोर नाही म्हणून आवड नाकारणे, या दोन्ही चुका आमच्या सुशिक्षित वर्गाच्या हातून वारंवार घडतात. म्हणून कन्येस आम्ही एवढेच सांगितले : "होय, हेच ते. 'लुचाई' लेखकाच्या गुणांसाठी वाचावी. समर्थकथा मात्र आम्हांला ओळखण्यासाठी."

तिने त्या रात्री आणखी एक समर्थकथा उशाशी नेली. दिवा उशिरापर्यंत जळत होता, एवढे आम्ही पाहिले.