‘गेल्या वर्षीच्या तुलनेत’ म्हणजे नेमकं कधीच्या?

‘विक्रीत गेल्या वर्षीच्या तुलनेत अमुक टक्के वाढ.’ मोबाईलवर मराठी बातम्या वाचणाऱ्या कुणालाही हे वाक्य पाठ असेल. कंपन्यांचे तिमाही निकाल, घरांची नोंदणी, पाऊस, डेंग्यूचे रुग्ण, सगळीकडे तेच. आकडा ठसठशीत असतो. पण तो कशाशी ताडून पाहिलाय? गेल्या अख्ख्या वर्षाशी, की गेल्या वर्षीच्या याच महिन्यांशी? वाक्य सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही.

याचं मूळ बहुतेकदा इंग्रजी प्रेसनोटमध्ये असतं. तिथे तुलनेचं सगळं ओझं एका चिमुकल्या शब्दावर असतं. ‘ओव्हर लास्ट इयर’ म्हणजे गेल्या वर्षापेक्षा. मध्ये फक्त ‘द’ घाला, ‘ओव्हर द लास्ट इयर’, की अर्थ होतो गेल्या वर्षभरात. पहिल्यात दोन काळ शेजारी ठेवलेत, दुसऱ्यात एकाच काळातला प्रवास सांगितलाय. घाईत भाषांतर करणाऱ्याच्या हातून हा ‘द’ सहज निसटतो. ‘अप फ्रॉम लास्ट इयर’चं तर ‘गेल्या वर्षापासून वाढ’ होतं. मराठीत त्याचा अर्थ वाढ गेल्या वर्षी सुरू झाली आणि अजून चालू आहे, असा लागतो. मूळ वाक्यात असं काहीच नव्हतं.

‘बाय’ आणि ‘टू’ची गतही अशीच. महागाईचा दर सहा टक्के होता असं धरा. तो ‘दोन टक्क्यांनी घसरला’ तर चार उरला. ‘दोन टक्क्यांवर घसरला’ तर दोनच उरला. ‘नी’ आणि ‘वर’ यांच्या अदलाबदलीत आकडा दुप्पट किंवा निम्मा होतो.

‘इयर-ऑन-इयर’साठी कुणी ‘वर्षागणिक’ लिहितं, कुणी ‘वार्षिक आधारावर’. ‘वर्षागणिक’ म्हणजे दर वर्षी, एकामागून एक, अशी साखळी. इथे तर फक्त दोन वर्षांतले दोन सारखे तुकडे समोरासमोर ठेवायचे असतात. ‘वार्षिक आधारावर’ वाचून तर काहीच कळत नाही. हे इंग्रजी वाक्यच आहे, फक्त देवनागरीत.

मराठीकडे शब्द नाहीत म्हणून हे होतं, हे मला पटत नाही. ‘पेक्षा’ आहे, ‘हून’ आहे. ‘यंदा’ हा एकच शब्द ‘चालू वर्षात’चं काम करतो. जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘गुदस्ता’ म्हणजे गेल्या वर्षी आणि ‘तिगस्ता’ म्हणजे त्याच्याही आदल्या वर्षी. इंग्रजीला ज्यासाठी तीन-चार शब्द लागतात, ते इथे एका शब्दात होतं.

शब्दांपेक्षा मोठा प्रश्न ‘याच कालावधीत’ या शब्दप्रयोगाचा आहे. दोन काळ ‘सारखे’ आहेत हे कुणी ठरवायचं? मी गिरगावात, फणसवाडीत राहतो. इथल्या फुलवाल्याचं उदाहरण घ्या. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. त्याच्या ऑगस्टच्या विक्रीची आदल्या वर्षीच्या ऑगस्टशी तुलना केली, तर धंदा उसळलेला दिसेल. सप्टेंबरची केली, तर बसलेला. प्रत्यक्षात गणपती अकरा दिवस अलीकडे आले, एवढंच. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला, म्हणजे हिशोब उलटा. कर्ज देणाऱ्याने नुसता ऑगस्टचा आकडा पाहिला, तर २०२५ मध्ये हा माणूस हुशार ठरेल आणि २०२६ मध्ये नालायक.

म्हणून गिरगावात धंद्याची गोष्ट निघाली की लोक ‘गेल्या गणपतीत’ म्हणतात. हा ढोबळपणा वाटतो, पण तुलना म्हणून हाच प्रयोग जास्त काटेकोर आहे. सण तिथीने येतो, म्हणून विक्री तिथीने मोजायची. पाऊस सूर्याच्या हिशोबाने येतो, म्हणून शेतकरी ‘गेल्या मृगात’ म्हणतो, आणि मृग दर वर्षी ७-८ जूनच्या आसपासच लागतो. पगार तारखेने होतो, तिथे तारीख. भिंतीवरचं ‘कालनिर्णय’ १९७३ पासून तारीख आणि तिथी एकाच चौकोनात छापत आलंय. आपल्या घरांना दोन्ही लागतात, म्हणूनच ते खपतं.

नीट केलेल्या तुलनाही आहेत. वाहन वितरकांची देशव्यापी संघटना ‘फाडा’ सणासुदीची विक्री नवरात्राच्या पहिल्या दिवसापासून धनत्रयोदशीनंतर पंधरा दिवसांपर्यंत, अशी ४२ दिवसांची मोजते. दिवाळी ऑक्टोबरात येवो की नोव्हेंबरात, तुलना सणाची सणाशीच होते. दुसरं उदाहरण मुंबईच्या सात तलावांचा तक्ता. पावसाळ्यात महापालिका रोजचा साठा देते आणि शेजारी आदल्या दोन वर्षांचा त्याच तारखेचा. तिथे ‘च्या तुलनेत’ लागतच नाही. पाणीकपात होईल का, हे वाचणारा स्वतः ताडून पाहतो.

बातमी लिहिणाऱ्यांकडून माझी अपेक्षा एवढीच आहे. ‘एप्रिल ते जून २०२५ मध्ये इतकी, एप्रिल ते जून २०२४ मध्ये इतकी’ असं सरळ लिहावं. दोन काळ, दोन आकडे. टक्के मग आपोआप कळतात. मध्ये सण सरकला असेल तर तेही एका ओळीत सांगावं. जागा वाढेल ती जेमतेम अर्धी ओळ.

तोवर हे काम आपल्यालाच करावं लागणार. गुन्हे घटले, नोकऱ्या वाढल्या, भाडी चढली, असं वाचलं की विचारा: कधीपेक्षा? ते दोन काळ खरंच सारखे होते का? ‘नी’ की ‘वर’? बोनस, भाडेवाढ आणि मत, या तिन्हींचे निर्णय आपण याच वाक्यांवरून घेत असतो.