सोमची लढाई, पण सोम नदी कुठंय?

मार्टिन मिडलब्रुक यांचं 'द फर्स्ट डे ऑन द सोम' (१९७१) वाचलं नसेल तर जरूर वाचा. हा माणूस कुक्कुटपालन करणारा, पेशानं इतिहासकार नव्हेच. पण शेकडो म्हाताऱ्या सैनिकांशी बोलून त्यांनी १ जुलै १९१६ हा दिवस उभा केला. मुलाखती कशा वापराव्यात ते इथं शिकता येतं.

माझी तक्रार वेगळी आहे. जरा नकाशा उघडा. ब्रिटिशांचा हल्ला झाला नदीच्या उत्तरेला. प्रत्यक्ष नदीच्या दोन्ही काठांवर होते फ्रेंच, आणि त्यांनी त्या दिवशीची बहुतेक उद्दिष्टं गाठली! ब्रिटिशांचे मात्र १९,२४० ठार, जखमी-बेपत्ता धरून ५७,४७०. पुस्तकात फ्रेंच जेमतेम दिसतात, कारण साक्षीदार मुख्यतः ब्रिटिश. मग वाचणाऱ्याला वाटतं, असा हल्ला फसणारच होता.

विल्यम फिलपॉट यांनी २००९ मध्ये फ्रेंच बाजू नीट मांडली, तेव्हा प्रश्नच बदलला. फ्रेंचांकडे जड तोफांचा मारा दाट होता, व्हर्दूंचा अनुभव ताजा होता. फ्रेंचांना लागून असलेल्या ब्रिटिश तुकड्यांनीही माँतोबाँ गाव घेतलंच की. म्हणजे 'का फसला?' एवढं विचारून भागत नाही. कुठे जमला आणि तिथेच का, हेही विचारावं लागतं.