अतिथी, स्थानबद्ध आणि समाजकार्य : सातारा-सांगली परिसरातील युद्धकालीन अनुभवाची चिकित्सा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरनजीक वळिवडे येथे राहिलेल्या पोलिश निर्वासितांविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. अनुराधा भट्टाचार्जी यांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथाने तर भारताला या लोकांची ‘दुसरी मायभूमी’ असे शीर्षकातच म्हटले. वॉर्सा येथे वळिवड्याच्या छावणीचे स्मारकही उभे आहे. ही कृतज्ञता खरी आहे. तथापि तिच्या आधारे त्या काळच्या परकीयविषयक धोरणाचे मूल्यमापन करू गेल्यास ते एकांगी होईल. आतिथ्याची ही कथा ज्या मुलखात घडली, त्याच मुलखात स्थानबद्धतेचीही कथा घडत होती आणि ती मात्र बहुतांशी विस्मृतीत गेली आहे.

पुणे-मिरज लोहमार्ग सातारा जिल्ह्यातून जातो. मिरजेस कोल्हापूरचा फाटा फुटतो व त्याच फाट्यावर वळिवडे आहे. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. त्यांत स्त्रिया व मुले यांचा भरणा अधिक होता. सोव्हिएत सत्तेने सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केलेली ही माणसे १९४१ च्या करारानंतर सुटून इराणमार्गे येथवर आली होती. त्यांच्यासाठी शाळा, चर्च व रुग्णालय निघाले. सातारा जिल्ह्यातील पाचगणीस क्षयरोग्यांच्या उपचारांची सोय झाली. याउलट खुद्द साताऱ्यात, तसेच पुरंदर येथे, जर्मनी व अन्य शत्रुराष्ट्रांचे नागरिक कुटुंबांसह सरकारी देखरेखीखाली ठेवलेले होते. भारतातील अशा स्थानबद्धांत नाझी पक्षाचे सभासद होते, मिशनरी होते आणि हिटलरच्या छळातून जीव वाचवून आलेले ज्यू डॉक्टर व व्यापारीही होते. अनिता देसाई यांच्या १९८८ च्या ‘बाउमगार्टनर्स बॉम्बे’ या कादंबरीचा नायक असाच एक ज्यू आहे. ज्यांच्यापासून तो पळाला, त्यांच्याच समवेत त्याला कुंपणाआड दिवस काढावे लागतात.

येथे प्रश्न उपस्थित होतो तो निकषाचा. पोलिश माता आणि ज्यू डॉक्टर ही दोघेही हुकूमशाहीची शिकार होती. दोघांनीही या देशाचा कोणताही अपराध केलेला नव्हता. एकीस आश्रय व दुसऱ्यास पहारा मिळाला तो आचरणामुळे नव्हे, तर पारपत्रावरील राष्ट्रनामामुळे. शासनाने माणसाकडे न पाहता वर्गाकडे पाहिले. युद्धप्रसंगी प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी करण्यास सवड नसते, हा युक्तिवाद सर्वस्वी टाकाऊ नाही. परंतु सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने १९३९ च्या अखेरीस नेमकी अशीच चौकशी आरंभिली होती व पुष्कळांना मोकळेही केले होते. १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला आणि भीतीने विवेकावर मात केली. मुक्त झालेल्यांपैकी अनेकांना पुन्हा अडकविण्यात आले. म्हणजे व्यक्तिशः चौकशी अशक्य नव्हती. ती टिकविण्याची इच्छा क्षीण होती.

अतिथीचे स्थानही या नियमास अपवाद नव्हते. वळिवड्याच्या व्यवस्थेचा आधार लंडनमधील पोलिश सरकार होते. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्याची मान्यता काढून घेतली आणि छावणीतील माणसे तीच असताना त्यांची कायदेशीर ओळख मात्र एका दिवसात डळमळीत झाली. पुढे आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांना त्यांचा भार घ्यावा लागला. आतिथ्य आणि स्थानबद्धता यांमधील अंतर कागदाच्या जाडीएवढेच होते, असे म्हणावयास हरकत नाही.

ही दृष्टी केवळ परकीयांपुरती मर्यादित नव्हती, हे सांगलीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारची चळवळ चालू असताना २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील व त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. मात्र त्यांच्यामागे गावोगावचा समाज उभा होता. साताऱ्याच्या केंद्रातील परक्यांना असे गणगोत नव्हते. स्थानबद्ध माणसाची खरी विपन्नता भिंतीत नसून, आपल्याविषयी बोलणारा कोणी बाहेर नसणे हीत आहे.

समाजकार्याची भूमिका नेमकी येथे सुरू होते. मुंबईच्या ज्यू रिलीफ असोसिएशनने निर्वासितांच्या चरितार्थाची हमी घेतली व त्यांच्या सुटकेसाठी शासनाकडे रदबदली केली. हे कार्य मोलाचे होते. तरी त्याची मर्यादा नजरेआड करता येत नाही. ज्याच्यासाठी हमी देणारा मिळाला तो सुटण्याची आशा होती. ज्याला कोणी नव्हते त्याचे काय, या प्रश्नास हमीच्या पद्धतीत उत्तर नव्हते. अन्न, औषध आणि शाळा पुरविणारे समाजकार्य स्थानबद्धता सुसह्य करते, आणि कित्येकदा त्यायोगे ती अधिक काळ चालविणेही सोपे होते. वर्गाच्या आड दडलेल्या व्यक्तीचा वृत्तांत निर्णयकर्त्यापुढे मांडणे व त्या वर्गवारीलाच प्रश्न विचारणे, हे त्याहून कठीण कर्तव्य होय.

हा विचार केवळ इतिहासाचा नाही. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याने आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार संबंधित व्यक्तीवरच टाकला. त्याची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या कायद्याने घेतली, परंतु तो भार कायम राहिला. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताची स्वाक्षरी नाही. निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. आश्रय हा त्यामुळे अद्याप हक्क नसून अनुग्रह आहे. अशा स्थितीत कागद नसलेल्या मजुराचा किंवा त्याच्या मुलाचा वृत्तांत नोंदविणारा प्रशिक्षित कार्यकर्ता ही चैनीची नव्हे, न्यायाची गरज ठरते. वळिवड्याचे स्मरण अवश्य जपावे. पण साताऱ्याचे विस्मरण त्याच्या शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज त्या स्मरणाचा अर्थ पूर्ण होणार नाही.