पात्र एक, हात अनेक : ॲनिमेशनपटातील लीड ॲनिमेटरच्या कामाचे वाचन

ॲनिमेशनपटाची श्रेयनामावली वाचताना 'सुपरवायझिंग ॲनिमेटर' या शीर्षकाखाली पात्राचे नाव आणि त्यासमोर एका कलावंताचे नाव अशी जोडी दिसते. कुठे त्यालाच 'डायरेक्टिंग ॲनिमेटर' म्हणतात, स्टुडिओच्या बोलीत तो 'लीड' असतो. ही जोडी वाचली की परीक्षणात सहज लिहिले जाते : बीस्टची भूमिका ग्लेन कीनने केली, गॅस्टनची आंद्रेआस डेजाने. ॲनिमेटर म्हणजे हाती पेन्सिल घेतलेला नट, हे वाक्य आता इतके रुळले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. या पाठात आपण ते तपासणार आहोत. त्यासाठी आधार आहे डिस्नेचा १९९१ चा 'ब्यूटी अँड द बीस्ट'. गॅरी ट्राउसडेल आणि कर्क वाइज यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला पहिला ॲनिमेशनपट आहे. त्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. आपला प्रश्न वेगळा आहे : त्यातला अभिनय नेमका कोणाचा?

आधी थोडा हिशेब करू. चित्रपट ८४ मिनिटांचा आहे. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर एक लाख वीस हजारांहून अधिक फ्रेम होतात. एक चित्र दोन फ्रेम टिकवले तरी एका पात्राच्या एका सेकंदाला बारा चित्रे लागतात, आणि पडद्यावर बहुधा एकाहून अधिक पात्रे असतात. एवढे काम एका हाताने होणे शक्य नाही. म्हणून लीड ॲनिमेटर पात्राची ठेवण ठरवतो, आवाजाच्या ध्वनिमुद्रणावर चाचणीचे तुकडे करून पाहतो, आपल्या चमूतील ॲनिमेटरांनी काढलेली कच्ची चित्रे तपासतो, त्यांवर दुरुस्त्या काढून देतो आणि काही कळीची दृश्ये स्वतःकडे ठेवतो. त्यानंतर मधली चित्रे भरणारे इनबिटवीनर आणि रेषा साफ करणारे क्लीनअप कलावंत येतात. पडद्यावर दिसणारी रेषा बहुतेक वेळा या शेवटच्या मंडळींची असते. लीडची मूळ रेषा प्रेक्षक जवळजवळ कधीच पाहत नाही. नाटकातल्या नटाबद्दल असे म्हणता येईल का?

तुलनाच करायची तर जपानच्या बुनराकू बाहुलीनाट्याशी करावी. तिथे एक बाहुली तिघे जण चालवतात. प्रमुख सूत्रधाराकडे डोके आणि उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय. प्रमुखाच्या हालचालीवरून उरलेल्या दोघांना पुढचे पाऊल कळते. लीडचे कामही असेच आहे : पात्राचा नियम इतक्या स्पष्टपणे बांधायचा की दुसऱ्याचा हात त्यावरून चालू शकेल.

बीस्टचा नियम

कीनने बीस्टची रचना अनेक प्राण्यांतून केली, हे बहुतेकांनी वाचलेले असते. सिंहाची आयाळ, बायसनच्या डोक्याची ठेवण आणि दाढी, गोरिलाच्या भुवया, रानडुकराचे सुळे, अस्वलाचे धड, लांडग्याचे पाय आणि शेपूट. परीक्षणे ही यादी देतात आणि पुढे सरकतात. यादीने काहीच कळत नाही. कळायला हवे ते हे की बायसनचे डोके जड असते आणि ते खांद्यांच्या रेषेखाली लोंबते. त्यामुळे बीस्टला समोरच्याकडे पाहायचे म्हणजे भुवयांखालून वर पाहावे लागते. रागात असताना हीच नजर धमकीची वाटते. तो शरमतो तेव्हा तीच नजर, तीच मान, पण आता ती अपराधी वाटते. रचनेतच दोन भाव एकमेकांशेजारी ठेवले आहेत. चमूतल्या एखाद्या ॲनिमेटरला या पात्राचा राग नीट समजला नाही, तरी डोके खांद्यांखाली ठेवले तर अर्धे काम झालेले असते. याला मी नियम म्हणतो. डोळे मात्र माणसाचे आहेत, आणि त्याचे कारण चित्रपटाच्या शेवटी कळते.

आवाज बंद करून जेवणाच्या टेबलाचे दृश्य पाहा. बेल चमच्याने खाते आहे, बीस्ट वाडग्यात तोंड घालून खातो आहे. तो चमचा उचलण्याचा प्रयत्न करतो. त्या प्रचंड पंजात चमचा हरवून जातो. मग बेल स्वतःचा वाडगा उचलून ओठांना लावते आणि दोघे तसेच पितात. इथे विनोद आहे, पण तो चेहऱ्यावर काढलेला नाही. पंजाचे वजन आणि चमच्याचा हलकेपणा यांच्या प्रमाणात तो आहे. पुढे बर्फात पक्ष्यांना दाणे घालताना तोच पंजा ओंजळीसारखा होतो आणि थरथरत थांबून राहतो. अस्वलाच्या शरीराला न शोभणारी ही स्थिरता आहे, आणि म्हणूनच ती दिसते. नियम आधी घट्ट बांधला असेल तरच तो मोडलेला प्रेक्षकाला जाणवतो.

असाच नियम चेहऱ्याशिवायही बांधता येतो, हे पुढच्याच वर्षीच्या 'अलादिन'मधील गालिच्याने दाखवले. रँडी कार्टराइटच्या या पात्राला डोळे नाहीत, तोंड नाही, आवाज नाही. चार गोंडे हेच हातपाय, कापडाला पडलेला बाक हाच भाव. नक्षी संगणकाने बसवली, हालचाल हाताने काढली. मला तर त्या चित्रपटातील सर्वांत शिस्तबद्ध अभिनय हाच वाटतो.

गॅस्टनचे उदाहरण लीडच्या अधिकाराची मर्यादा दाखवते. डेजाने सुरुवातीला त्याला अधिक विडंबनात्मक काढले होते. स्टुडिओप्रमुख जेफ्री कॅट्झनबर्ग यांना तो देखणा हवा होता. देखण्या चेहऱ्यात ओढताणीला जागा कमी असते, त्यामुळे काम अवघड झाले. पण कथेच्या दृष्टीने आग्रह योग्यच होता. गॅस्टन दिसायलाही कुरूप असता तर चित्रपटाच्या मुख्य कल्पनेला अर्थ उरला नसता. आरशात स्वतःकडे पाहणाऱ्या गॅस्टनमध्ये आपण ज्याचे कौतुक करतो त्यात डेजाचा हात आहे, तसा वरून आलेला नकारही आहे.

दोन पात्रांमधली जागा

आता नामावलीतील एक गोष्ट लक्षात घ्या. बेलच्या नावासमोर दोन नावे आहेत : जेम्स बॅक्स्टर आणि मार्क हेन. बॅक्स्टर कॅलिफोर्नियात होता, हेन फ्लोरिडातील स्टुडिओत. एकच नायिका देशाच्या दोन टोकांना घडत होती. चित्रपट थांबवत थांबवत पाहिला तर बेलचा चेहरा दृश्यागणिक किंचित बदलताना दिसतो, कधी गालाचा भाग भरतो, कधी डोळे मोठे होतात. या फरकावर बोट ठेवणारे प्रेक्षक त्याला चूक म्हणतात. माझ्या मते ही चूक नव्हे. चेहरा थोडा हलला तरी बेल ओळखू येते, ती तिच्या चालण्यामुळे आणि बोलण्याआधी क्षणभर थांबण्यामुळे. नियम टिकला आहे, रेषा थोडी सरकली आहे. खरी अडचण वेगळीकडे आहे.

पात्रागणिक लीड नेमण्याच्या पद्धतीत एक पात्र खोल होते, पण दोन पात्रांमध्ये घडणारी गोष्ट कोणाचीच राहत नाही. बेलने हात पुढे केला आणि बीस्टने तो धरला, तर ती पकड कोणाच्या कागदावर काढायची? जुन्या डिस्ने कलावंतांना हा प्रश्न ठाऊक होता. १९५५ च्या 'लेडी अँड द ट्रॅम्प'मध्ये दोन कुत्री एकाच शेवयांच्या ताटातून खातात ते दृश्य आठवा. दोन्ही पात्रे एकट्या फ्रँक थॉमसने केली. वॉल्ट डिस्नेला त्या दृश्याबद्दल शंका होती, थॉमसने ते काढून दाखवले तेव्हा ती मिटली. त्या दृश्यातले अंतर, थांबणे आणि मान वळवणे एका मनातून आलेले आहे. एक पुढे येतो त्याच गणिताने दुसरी थबकते. ही दोन अभिनयांची बेरीज नव्हे.

'ब्यूटी अँड द बीस्ट'मधील नृत्यमहालाचे दृश्य नेहमी संगणकाने उभारलेल्या दालनासाठी वाखाणले जाते. कॅमेरा झुंबराजवळून खाली येतो, ते खरोखरच नवे होते. पण ते दृश्य टिकते ते जोडीमुळे, आणि ती जोडी बॅक्स्टरने काढली आहे, बेलही आणि बीस्टही. कीनचे पात्र इथे दुसऱ्याच्या हातात गेले. पाहा, बीस्ट पहिले पाऊल अवघडून टाकतो, बेल त्याचा हात कमरेवर ठेवून घेते, मग दोघांचे वजन एकाच ठेक्यावर येते. त्याच्या देहाचा जडपणा शेवटपर्यंत सुटत नाही, तो फक्त ठेक्यात बसतो. कीनचा नियम बॅक्स्टरच्या पेन्सिलीत तितकाच पक्का राहिला, आणि वर दोघांमधली जागाही भरली गेली. माझ्या दृष्टीने लीड म्हणून कीनच्या कामाची सर्वांत मोठी पावती त्याने स्वतः काढलेल्या दृश्यात नाही, या दृश्यात आहे.

कीनने स्वतःकडे ठेवले ते रूपांतराचे दृश्य. पंज्याची बोटे होतात, खांदे वितळतात, देह हवेत वळतो. चित्रकला म्हणून ते थोर आहे यात वाद नाही. पण त्यातून बाहेर पडलेला राजपुत्र? बेल त्याला डोळ्यांवरून ओळखते, कारण डोळे तेच ठेवले आहेत. डोळ्यांखेरीज मात्र सगळा नियम गेला. डोके आता खांद्यांवर सरळ बसले आहे, भुवयांखालून पाहण्याची गरज उरली नाही. सत्तर-ऐंशी मिनिटे ज्या देहाने आपल्याशी संवाद साधला तो देहच नाहीसा होतो आणि नव्याला स्वतःची सवय घडवायला वेळ मिळत नाही. शेवटच्या नृत्याच्या हालचाली तर १९५९ च्या 'स्लीपिंग ब्यूटी'तील राजकन्या आणि राजपुत्राच्या नृत्यावरून घेतल्या आहेत. वेळ अपुरा होता हे कारण समजण्यासारखे आहे. पण परिणाम लपत नाही : ते दोघे कोणीही असू शकतात. महालातील पहिले नृत्य आणि हे शेवटचे नृत्य लागोपाठ पाहिले की पात्राचा नियम म्हणजे काय हे व्याख्येशिवाय समजते.

इतर पद्धती थोडक्यात पाहू. १९३७ च्या 'स्नो व्हाइट'पासून डिस्नेकडे पर्यवेक्षक ॲनिमेटर आहेत. जपानमध्ये पात्रागणिक लीड सहसा नसतो. तिथे 'साकुगा कांतोकु' म्हणजे चित्रांकन-दिग्दर्शक सर्वच पात्रांची मुख्य चित्रे दुरुस्त करतो. 'स्पिरिटेड अवे'साठी मासाशी आंदो यांच्याकडे हे काम होते. त्यामुळे माणसामाणसांतले अंतर नीट सांभाळले जाते, मात्र सगळ्यांच्या हालचालीत एकाच हाताची चव येऊ शकते. पिक्सारने ॲनिमेटरना पात्रांऐवजी मुख्यतः शॉट वाटून दिले, म्हणजे थॉमसची जुनी रीत एका अर्थाने संगणकावर परत आली. आणि २०१० च्या 'टँगल्ड'मध्ये स्वतः कीन रोजच्या बैठकीत इतरांच्या संगणकीय फ्रेमवर रेषा ओढून दाखवत असे. त्याची एकही रेषा पडद्यावर नाही, तरी रापुन्झेलच्या चेहऱ्यावर त्याचा हात ओळखू येतो.

भारतीय विद्यार्थ्यांना या चर्चेत खास रस असायला हवा. १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्नेचे ॲनिमेटर क्लेअर वीक्स प्रशिक्षण देण्यासाठी आले. तिथे तयार झालेल्या राम मोहन यांनी पुढे युगो साको आणि कोइची सासाकी यांच्यासह 'रामायण : द लिजंड ऑफ प्रिन्स राम'चे दिग्दर्शन केले. पेन्सिल मुख्यतः जपानी कलावंतांच्या हातात होती, पण धोतर कसे नेसतात, वडीलधारे मुलांना आशीर्वाद कसा देतात, हे भारतीय ॲनिमेटरांनी समजावून दिले. ही वेशभूषेची तपासणी समजू नका. वाकून नमस्कार करताना पाठ आधी वाकते की गुडघे, आशीर्वादाचा हात डोक्यावर किती क्षण राहतो, हा पात्राचाच नियम आहे. तो सांगणाऱ्याचे नाव 'पात्र : कलावंत' अशा जोडीत बसत नाही. आज आपल्याकडील अनेक स्टुडिओ परदेशी चित्रपट-मालिकांचे काम करतात. लीड दुसऱ्या देशात बसलेला असतो, रेषा इथे ओढली जाते. त्या कामाचे परीक्षण करताना केवळ लीडचे नाव घेणे म्हणजे बुनराकूत डोके धरणाऱ्याकडे पाहून पायांकडे न पाहण्यासारखे आहे.

स्वाध्याय म्हणून असे करा. कोणत्याही ॲनिमेशनपटातील दोन पात्रांचे वीस सेकंदांचे दृश्य निवडा आणि ते आवाजाशिवाय, फ्रेम थांबवत पाहा. आधी प्रत्येक पात्राचा नियम एका वाक्यात लिहा : वजन कुठे आहे, नजर कुठून येते. मग दोघांपैकी कोण आधी हलते आणि दुसरे किती फ्रेमनंतर प्रतिसाद देते ते मोजा. श्रेयनामावली त्यानंतरच उघडा.