तळटीप नेमकी कोणाची? दुय्यम संदर्भांची नोंद आणि असदखानाचा इतिहास

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या बढतीशी शोधनिबंधांचे गुण जोडले आणि महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने लेखन ही एक निकड झाली. निबंधासोबत संदर्भसूचीही आली. सूची जितकी लांब तितका निबंध भारदस्त, असा समज रूढ आहे. परंतु सूचीतील प्रत्येक ग्रंथ लेखकाने खरोखर हाताळला आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. एका पुस्तकातील तळटीप उचलून आपल्या निबंधात जशीच्या तशी ठेवायची आणि ते मधले पुस्तक मात्र गाळायचे, हा प्रकार इतका सरसकट झाला आहे की तो दोष आहे, हेच अनेकांच्या लक्षात येत नाही. प्रस्तुत लेखात या सवयीची चिकित्सा बेळगावच्याच इतिहासातील एका उदाहरणावरून केली आहे.

बेळगावचा आदिलशाही सुभेदार असदखान लारी (मृत्यू १५४९) हा या भागातील निबंधलेखनाचा एक स्वाभाविक विषय होय. किल्ल्यातील सफा मशीद त्याच्या नावाशी निगडित आहे आणि त्याचा दर्गाही याच शहरात आहे. त्याच्यावर लिहिणारा निबंधकार 'असदखान निष्ठावान होता' असे विधान करतो आणि तळटिपेत 'फरिश्ता' एवढेच लिहितो. प्रत्यक्षात त्याच्या हाती बहुधा एखादे मराठी पुस्तक असते. त्या पुस्तकाच्या लेखकाने १८८४ चे मुंबई इलाख्याचे बेळगाव गॅझेटियर वाचलेले असते. गॅझेटियरने आधार घेतला तो जॉन ब्रिग्जच्या १८२९ मधील इंग्रजी भाषांतराचा. आणि ब्रिग्जने भाषांतर केले ते फरिश्त्याच्या फारसी ग्रंथाचे. म्हणजे निबंधकार आणि फरिश्ता यांच्यामध्ये तीन माणसे उभी आहेत. तळटिपेत त्यांपैकी एकाचेही नाव नाही.

यात बिघडते काय, असे कोणी विचारील. विधान तर फरिश्त्याचेच आहे. याचे उत्तर असे की साखळीतील प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गळते किंवा भर पडते. ब्रिग्जच्या भाषांतरात वगळलेला व संक्षिप्त केलेला मजकूर आहे. फरिश्त्याने साधुसंतांवर लिहिलेला शेवटचा भाग त्यात आलेला नाही. गॅझेटियरकारांना प्रशासनापुरती माहिती हवी होती, म्हणून त्यांनी आणखी संक्षेप केला. चूक कोणत्या टप्प्यावर शिरली हे शोधायचे असेल, तर वाटेतील सर्व टप्पे नोंदलेले हवेत. 'फरिश्ता' या एका शब्दाने ती वाटच बुजून जाते.

दुसरा भाग अधिक गंभीर आहे. फरिश्ता विजापूरच्या दरबारात आला तो १५८९ च्या सुमारास, म्हणजे असदखानाच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी. त्याने असदखानाला पाहिले नव्हते. अर्थात असदखानापुरता फरिश्ता हाही समकालीन साक्षीदार नव्हे. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या दरबारासाठी मात्र तोच प्रत्यक्ष साक्षीदार ठरतो. एखादा ग्रंथ प्राथमिक की दुय्यम, हे त्याच्या जुनेपणावरून किंवा भाषेवरून ठरत नाही; आपण त्याला कोणता प्रश्न विचारतो, यावरून ठरते. जुना फारसी ग्रंथ म्हणजे प्राथमिक साधन, असे विद्यार्थ्यांना सांगितले जाते. ते सरसकट खरे नाही.

असदखानाच्या हयातीतच, १५३५ ते १५३७ च्या सुमारास, पोर्तुगीज फर्नाव नुनीझ याने विजयनगरची हकिगत लिहिली. तीत असदखानाचे चित्र अगदी वेगळे आहे. रायचूरच्या लढाईनंतर तो वकील म्हणून कृष्णदेवरायाकडे गेला आणि आपले बिंग फुटू नये म्हणून तेथे कैदेत असलेल्या सलाबतखानाचा त्याने काटा काढविला, असे नुनीझ सांगतो. नुनीझ समकालीन असला तरी शत्रुपक्षाच्या राजधानीत ऐकलेले लिहीत होता, हेही विसरता येत नाही. रॉबर्ट सीवेल याने १९०० मध्ये विजयनगरवरील आपल्या ग्रंथात दोन्ही बाजू शेजारी ठेवून हा विरोध दाखविला. ज्याने केवळ उसनी तळटीप घेतली, त्याला असा विरोध आहे याचा पत्ताच लागत नाही. आपल्या गावच्या एका ऐतिहासिक पुरुषाची बदनामी किंवा भलामण मग तपासाविना पिढ्यान्पिढ्या चालू राहते.

याच सीवेलच्या ग्रंथात उसन्या तळटिपेची एक हमखास खूण सापडते. रायचूरच्या लढाईचे साल नुनीझ १५२२ देतो. सीवेलने इतर पुरावे तपासून ते १५२० ठरविले. आता एखाद्या निबंधात 'नुनीझच्या मते ही लढाई १५२० मध्ये झाली' असे वाक्य आले, की लेखकाने नुनीझ वाचलेला नाही हे उघड होते. विशेष म्हणजे नुनीझच्या हकिगतीचे भाषांतर सीवेलच्या त्याच ग्रंथात छापलेले आहे. पुस्तक एक, पण आवाज दोन. कोणता आवाज उद्धृत केला, हे तळटिपेने सांगितलेच पाहिजे.

योग्य पद्धत अवघड नाही. मूळ ग्रंथ मिळत असेल तर तो पाहावा. मिळत नसेल तर मजकुरात मूळ लेखकाचे नाव घेऊन, तो ज्या ग्रंथात वाचला त्या ग्रंथाचे नाव, आवृत्ती व पृष्ठ 'यात उद्धृत' असे म्हणून द्यावे. एपीए आणि एमएलए या दोन्ही पद्धतींत सूचीमध्ये फक्त वाचलेला ग्रंथ येतो. शिकागो पद्धतीत दोन्ही नोंदवितात, पण अशी उसनवारी शक्यतो टाळावी असाच तिचा सल्ला आहे. भाषांतर वाचले असेल तर भाषांतरकाराचे नाव वगळू नये.

फारसी व पोर्तुगीज येत नाही आणि मोठे ग्रंथालय जवळ नाही, ही सीमाभागातील अध्यापकांची अडचण खरी आहे. येथील अध्यापक मराठीत लिहितो, कन्नड, उर्दू व इंग्रजी वाचतो आणि तरीही मूळ साधनापर्यंत पोहोचत नाही. परंतु दुय्यम साधन वापरणे हा दोष नव्हेच; ते वापरून लपविणे हा दोष आहे. शिवाय बहुभाषिकता हे येथील बलस्थानही आहे. उस्मानिया विद्यापीठाने फरिश्त्याचे उर्दू भाषांतर करविले होते. उर्दू जाणणारा अध्यापक ते ब्रिग्जशी ताडून पाहू शकतो.

ही बेपर्वाई केवळ मध्ययुगापुरती नाही. महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला व त्याचा अहवाल १९६७ मध्ये आला. बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच ठेवावे आणि निपाणी महाराष्ट्राला द्यावी, या त्यातील शिफारशी सर्वांना ठाऊक आहेत. पण अहवाल उघडून न पाहता वृत्तपत्रीय लेखावरून त्याचा हवाला देणे दोन्ही भाषांत सर्रास चालते. महाराष्ट्राने मागितलेल्या गावांची संख्या कुठे ८१४ तर कुठे ८६५ आढळते. कोणता आकडा कोणत्या कागदावरून घेतला, हे लिहिले नाही तर वाचकाने विश्वास कशावर ठेवावा? निपाणीच्या वर्गात दोन्ही बाजूंची मुले बसतात. त्यांच्यापुढे आकडा ठेवताना त्याचा उगमही ठेवणे, ही अध्यापकाची जबाबदारी आहे.

२०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनी मजकुरातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही, असे ठरविले. संगणक शब्दांचे साम्य मोजतो. न वाचलेल्या ग्रंथाची तळटीप त्याला ओळखता येत नाही. ती ओळखावी लागते मार्गदर्शकाने. यासाठी परक्या शास्त्राकडेच पाहावे असेही नाही. हदीसशास्त्रात कथन कोणी कोणाकडून ऐकले, याची इस्नाद ही साखळी सांगितल्याशिवाय कथन ग्राह्य धरत नाहीत. मधला निवेदक लपविणे याला तेथे 'तदलीस' असे नाव आहे आणि तो दोष मानला जातो. शोधनिबंधातील गाळलेले मधले पुस्तक याहून फारसे वेगळे नाही.

विद्यार्थ्याला निबंध देताना अध्यापकाने एकच अट घालावी: सूचीतील प्रत्येक ग्रंथाचे वाचलेले पान दाखविता आले पाहिजे. सूची वीस नावांवरून सहावर येईल. येऊ द्यावी. आणि असदखानावर लिहिणाऱ्याने पुस्तकांआधी किल्ल्यातील सफा मशिदीचा फारसी शिलालेख पाहून यावा. तो तळटिपांच्या साखळीतून आलेला नाही.